दम आणि ताकद

पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाकडे व्यायामाचा विषय काढला की शेगावच्या पट्ट्यात एक उत्तर हमखास मिळतं: आम्ही पायदळ वारी करतो, आम्हाला वजनं उचलायची काय गरज? या उत्तरामागचा अभिमान खोटा नाही. गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी 700 किलोमीटरहून अधिक अंतर पायी कापून पंढरपूर गाठते आणि परतीच्या खामगाव ते शेगाव या शेवटच्या टप्प्यात हजारो लोक तिच्यासोबत चालतात. चालण्याने रक्तदाबाला, साखरेला आणि मनाला काय लाभ होतो, हे इथे कोणाला नव्याने सांगायला नको. तरीही हे उत्तर अपुरं आहे. त्याची किंमत साठीनंतर मोजावी लागते, म्हणून त्याच्याशी वाद घालायला हवा.

वाद आहे तो दम आणि ताकद यांतल्या फरकाचा. दिवसभर चालणाऱ्याकडे दम असतो. पण पारायणाला मांडी घालून बसल्यावर हाताचा टेका न घेता उठायला, तुरीचं पोतं सरकवायला, पाय घसरताच तोल सावरायला ताकद लागते. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण 3 ते 8 टक्क्यांनी घटतात आणि ताकद त्याहून वेगाने घटते. सपाट डांबरी रस्त्यावर चालताना मांडीला आपल्या ताकदीचा थोडाच हिस्सा लावावा लागतो, आणि जो हिस्सा वापरात नाही तो शरीर पोसत नाही. वजनकाट्याला तर यातलं काहीच कळत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही 22.3 होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के होती. चरबी जास्त म्हणजे तेवढ्याच वजनात स्नायू कमी, आणि जेवणानंतर रक्तात आलेली साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच शोषून घेतात. म्हणजे पोट सुटलेलं नाही म्हणून निश्चिंत असलेल्या सडपातळ माणसालाही मधुमेहाची धास्ती उरतेच. दिलासा इतकाच की उशीर झाला असं कधी होत नाही. 1990 साली बॉस्टनमध्ये नव्वदीतल्या अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीत जे जमतं ते पंचेचाळिशीत का जमू नये?

संतांच्या गावाला शरीरबळाचं वावडं कधीच नव्हतं. दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथात पैलवान हरी पाटलाची गोष्ट आहे: महाराज नुसते बसून राहतात आणि हरीला ते जागचे हलत नाहीत. शेजारच्या अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे. जोर, बैठका, मुद्गल हे सारं ताकदीचंच शिक्षण. पण तालीम ही पोरांची गोष्ट होऊन बसली. लग्न झालं, दुकान किंवा नोकरी लागली की पुरुषाने आखाडा सोडला, आणि बहुतेक बायकांना तो मिळालाच नाही. हे नुकसान मोठं आहे, आणि त्याची कोणी नोंदही घेतली नाही.

ताकद आणि दम एकत्र मागणारा प्रकार म्हणजे डोंगरवाटांवरचं धावणं. शेगाव पूर्णेच्या सपाट काळ्या मातीत वसलेलं. चढ-उतार हवा तर उत्तरेला जळगाव जामोदच्या बाजूने सातपुड्याच्या पायथ्याशी जावं लागतं. उतारावर मांडीचे स्नायू लांबत लांबत भार पेलतात, घोटा प्रत्येक दगडाचा अंदाज घेतो. हे काम सडक देत नाही. यावर ‘गुडघे झिजतील’ हा आक्षेप ठरलेला. 2017 च्या अभ्यासांच्या एका मोठ्या संकलनात हौशी धावपटूंपैकी 3.5 टक्के लोकांत गुडघ्याची किंवा खुब्याची झीज दिसली, बैठ्या लोकांत 10.2 टक्के आणि स्पर्धात्मक धावपटूंत 13.3 टक्के. म्हणजे भीती धरायची तर अतिरेकाची धरावी आणि बसून राहण्याचीही. ज्यांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी घरी परतावं.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र शेतातून येतो. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला कसला व्यायाम सांगता? हा आक्षेप मला खोडता येत नाही. व्यायामात भार आपण ठरवतो, हळूहळू वाढवतो, मग विश्रांती घेतो आणि पोटभर खातो; स्नायू त्या विश्रांतीतच बांधला जातो. मजुरीत भार दुसरा ठरवतो, विश्रांती मिळत नाही आणि ताटात डाळ पातळ असते. त्या बाईला आधी हवी ती सुट्टी आणि घट्ट वरण. वजनं उचलण्याचा सल्ला खुर्चीत बसणाऱ्यांसाठी आहे, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. आणि आणखी एक मान्य करायला हवं: चालणं अपुरं आहे हे खरं, पण वारीची रीत अपुरी नाही. तिथे निघायचं की नाही हे दर सकाळी एकट्याने ठरवावं लागत नाही. तिथी ठरलेली असते आणि दिंडी सोबत ओढून नेते. ताकदीच्या व्यायामाला नेमकं हेच मिळालेलं नाही. तेव्हा वारीच्या विरोधात जिम उभी करणं चूक ठरेल. वारीचा ठरलेला दिवस आणि सोबत तालमीत आणली पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटना 2010 पासून प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते आहे. गावोगावच्या तालमी चालवणाऱ्यांनी तेवढे दोन दिवस पहाटेचा एक तास चाळिशीपुढच्या बाया-माणसांसाठी राखून ठेवावा. आणि दिंडीच्या प्रमुखांनी पुढच्या वारीला नावं घेताना या तासाचीही नावं लिहून घ्यावीत.