चोचीचा क्रम आणि धन्याचे कर्तव्य

ज्याच्या परसात पाच-सात कोंबड्या आहेत, त्याने सकाळी खुराडे उघडल्यावर काय घडते ते पाहिलेच असेल. कणी टाकताच एक कोंबडी पुढे होते. दुसरी तिला वाट देते. तिसरी त्या दोघींस पाहून मागे सरते. आणि सर्वांच्या शेवटी पिसे उपटलेली एखादी गरीब कोंबडी कुंपणाशी उभी राहते. ती पुढे आली की तिच्या डोक्यावर चोच बसलीच. धनी हे पाहतो आणि म्हणतो, "कोंबडीचा स्वभावच असा, त्याला आपण काय करणार?" वाचकहो, हे उत्तर कितपत खरे आहे, ह्याचा आज विचार करू.

त्यात जे खरे आहे ते प्रथम कबूल केले पाहिजे. नॉर्वे देशातील थोर्लीफ शेल्देरुप-एबे (जन्म १८९४) हे बालपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण करीत असत आणि कोणी कोणास टोचले ह्याची टिपणे ठेवीत असत. १९२२ साली त्यांनी आपला शोध जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. कळपातील प्रत्येक कोंबडी दुसरीस ओळखते, आणि कोणी टोचावे व कोणी सोसावे हे त्यांच्यात ठरलेले असते, असे त्यांना आढळले. हा क्रम एकदा ठरला म्हणजे भांडणे वाढत नाहीत, उलट कमी होतात; मान उंच करून नुसते पाहिले तरी खालची बाजूस होते. म्हणून सर्व कोंबड्यांस सारख्या करू पाहणारा, किंवा दर बाजारास एक नवी कोंबडी आणून कळपात सोडणारा, शांती आणीत नाही. तो बसलेली घडी पुन्हा पुन्हा मोडतो.

परंतु क्रम ही एक गोष्ट आणि रक्त ही दुसरी. उघड्या परसात खालची कोंबडी चार पावले दूर जाते आणि तंटा तेथेच मिटतो. दूर जाणे हीच तिची शरणागती होय. अरुंद खुराड्यात ती जाणार कोठे? दाण्याचे परळ एकच, पाण्याचे भांडे एकच, आणि तेही कोपऱ्यात ठेवलेले असले, तर वरची तेथे ठाण मांडते व खालची उपाशी राहते. तिने धीर करून मान घातली की जखम होते. आणि रक्त दिसले की इतर कोंबड्याही त्याच जागी टोचू लागतात. क्रम निसर्गाने लावला हे खरे. पण भिंत धन्याने घातली आणि परळही धन्यानेच मांडले. तेव्हा जखमेचा सगळा दोष स्वभावावर ढकलणे न्यायाचे नव्हे.

उपाय खर्चाचे नाहीत. दाणे दोन-तीन ठिकाणी, एकमेकांपासून दूर टाकावे. पाणीही दोन जागी ठेवावे. आडोशास पाटी किंवा लाकडाचा ओंडका असावा, म्हणजे नजर चुकविता येते. धूळ अंगावर घेण्यास कोरडी माती आणि टोचण्यास टांगलेली पालेभाजी असली तर रिकाम्या चोची कामास लागतात. नवी तलंग एकटी न आणता दोन-तीन एकत्र आणाव्या, आणि आठवडाभर जाळीपलीकडे ठेवून मग सोडाव्या. जखमी कोंबडीस जखम भरेपर्यंत डालग्याखाली, पण इतरांच्या दृष्टीसमोर ठेवावे. पूर्णपणे दूर नेलेली कोंबडी पुष्कळ दिवसांनी परत आली म्हणजे परकी ठरते व तिला पुन्हा मार खावा लागतो.

येथे एक प्रश्न उभा राहतो. एकच कोंबडी सर्वांस छळीत असेल, तर बाजूस कोणास काढावे? आपण बहुधा दुबळीसच काढतो, कारण ती निमूट हाती लागते. परंतु अनुभवी लोक दांडगीसच काही दिवस वेगळी कोंडतात. ती परत येते तेव्हा तिचा पहिला तोरा बहुधा उरलेला नसतो. विचार करा, गावच्या तंट्यातही आपण हेच करतो की नाही? ज्याने सोसले त्यासच "तू जरा दूर राहा, म्हणजे भांडण मिटेल" असे सांगतो, आणि ह्यास समेट म्हणतो.

आता कोणी म्हणेल, "पाखरांतही उच्चनीच आहे, मग माणसांत असले तर त्यात वावगे काय?" स्वतः शेल्देरुप-एबे ह्यांनीही पुढे वरचढपणा हा सर्व जीवसृष्टीचा मूलभूत नियम आहे असे मत मांडले होते. पण हा दाखला देणाऱ्याने खुराडे नीट पाहिलेले नाही. वरच्या कोंबडीच्या पिलास आईची पायरी वतन म्हणून मिळत नाही. वाढत्या वयात त्यास ती स्वतः मिळवावी लागते. वरची कोंबडी आजारी पडली किंवा तिची पिसे झडू लागली, तर तिची पायरीही ढळू शकते. कधीकधी तर पहिली दुसरीस टोचते, दुसरी तिसरीस, आणि तिसरी उलट पहिलीस! जन्माने कायमची ठरलेली उच्चनीचता कोंबड्यांतही नाही. ती माणसानेच केली, आणि तिची साक्ष मात्र तो निसर्गाकडून मागतो.

शिवाय, अमुक घडते एवढ्यावरून अमुक घडावे असे सिद्ध होत नाही. कोंबडीस कुंपणाशी उभ्या असलेल्या दुबळीची भूक कळत नाही, म्हणून तिला दोष नाही. आपणांस ती दिसते आणि कळते. म्हणून आपल्यावर जबाबदारी येते. ज्याच्या हाती दाण्याची पाटी आहे, मग तो घरचा कर्ता असो, शाळेचा मास्तर असो, की पंगतीत वाढणारा असो, त्याने पहिली मूठ कोठे पडली एवढेच पाहू नये. शेवटचीच्या पोटात काय गेले तेही पाहावे. उद्या सकाळी खुराडे उघडाल तेव्हा कुंपणाकडे एकदा नजर टाका, आणि दुसरे परळ तिकडे मांडा.