झिरा

मांडवगण फराट्यात, भीमेच्या बाजूला, उसाला लागून एक घर होतं. घरात एक आबा, एक नातू आणि एक नात. नातू पुण्याहून मे महिन्याच्या सुट्टीला आलेला, नात गावातलीच. चुलत भावंडं. दोघांकडे एकेक जुना लॅपटॉप होता आणि दुपारी बाहेर पडायची सोय नव्हती. मग काय, राज्यं बुडवणं सुरू.

खेळ होता 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग. 1999 सालचा, म्हणजे दोघांच्याही जन्माआधीचा. 2019 मध्ये तो नव्यानं रंगरंगोटी होऊन पुन्हा आला आणि या पिढीच्या हाती लागला. मध्ययुगातलं एखादं राज्य घ्यायचं, मजूर लावून धान्य, लाकूड, दगड, सोनं जमवायचं, फौज उभी करायची आणि समोरच्याला संपवायचं. आबांना पडद्यावरचं बारीक काही दिसायचं नाही, पण मजूर कुठं बसलेत हे ते बरोबर ओळखायचे. "तो कोपऱ्यातला बघ. हजेरी लावून उभाय नुसता." आणि खरंच तो रिकामा उभा असायचा. आयुष्यभर खुरपणीला माणसं लावणाऱ्याची नजर ती.

नातवाची रीत साधी होती. दिसली सोन्याची खाण की पाडा माणसांचा ढीग तिच्यावर. खाणीच्या एका चौकटीत 800 सोनं असतं, ते भराभर उपसायचं आणि घोडेस्वार काढायचे. अर्ध्या तासात त्याच्याकडे एवढे घोडे झाले की नातीच्या अंगणात धूळ उडायला लागली.

नातीनं भाले घेतलेले शिपाई उभे केले. भालाईताला सोनं लागत नाही, धान्य आणि लाकडावर भागतं. आणि घोड्यांना तो जड जातो. मग 175 लाकूड घालून तिनं एक मठ बांधला आणि शंभर सोनं मोजून त्यातून एक साधू काढला. हा साधू म्हणजे खेळातला सगळ्यात रेंगाळणारा माणूस. हातात काठी, अंगात झगा. ती त्याला 'महाराज' म्हणायची. महाराजांना तिनं रानात धाडलं, कारण नकाशावर चार-पाच ठिकाणी रेलिक पडलेले असतात. रेलिक म्हणजे कुण्या पुण्यपुरुषाची मागे राहिलेली वस्तू. युरोपातल्या मठांमधून असे अवशेष ठेवलेले असत, लोक दर्शनाला येत, दान टाकत; खेळात त्याचं थेट सोनंच होतं. रेलिक मठात आणून ठेवला की मिनिटाला 30 सोनं. एखादा खाणमजूर जेवढं कमावतो साधारण तेवढंच. पण मजुराची खाण संपते, रेलिक संपत नाही.

अडचण एकच. रेलिक उचलायचा तर साधूच लागतो. मजुराला तो उचलता येत नाही, घोडेस्वाराला येत नाही, राजालाही येत नाही. आणि एकदा उचलला की साधूला दुसरं काही करता येत नाही. ना शत्रूला आपल्यात ओढता येत, ना कुणाची जखम भरता येत. दोन्ही हात गुंतलेले.

"तुझा महाराज वारीला निघाला का गं?" नातू हसून म्हणाला.

"हो. येताना प्रसाद आणतो," नात म्हणाली.

तीन फेऱ्यांत तीन रेलिक आले. मिनिटाला 90 सोनं टपटप पडायला लागलं. नातवाचं तिकडे लक्षच नव्हतं, कारण त्याच्या खाणीतून त्या वेळी त्याच्या कितीतरी पट निघत होतं.

मग खाणी संपल्या.

नकाशावर सोनं मोजकंच असतं आणि ते त्यानंच सगळ्यात जोरानं उपसलं होतं. फौज मोठी होती, पण पडलेल्या घोड्याच्या जागी नवा घोडा येईना. त्यानं बाजार गाठला. खेळात बाजारही आहे: धान्य द्या, सोनं घ्या. पण एकदा विकलं की भाव उतरतो, पुन्हा विकलं की आणखी उतरतो. शेवटी शंभर धान्याला 14 सोनं एवढ्यावर येऊन थांबतो. आबा हे ऐकून खूश झाले. "म्हणजे कांद्याचंच की! सगळ्यांनी एकाच दिवशी गाड्या लावल्या की झालं." मला विचाराल तर बाजारसमितीचा धडा इतक्या थोडक्यात मी दुसरीकडे कुठं पाहिलेला नाही.

शेवटचं सोनं नातवानं दरवाजे फोडायच्या ओंडक्याच्या गाड्यात घातलं. गाडा मठावर धडकला, मठ कोसळला आणि तिन्ही रेलिक जमिनीवर पडले. फुटले नाहीत. या खेळात किल्ले पडतात, जहाजं बुडतात, अख्खी शहरं जळतात, रेलिकला मात्र ओरखडाही उठत नाही. नातवाचे उरलेले बारा घोडे त्यांच्याभोवती जाऊन उभे राहिले.

त्यानं एका रेलिकवर टिचकी मारली. घोडा जवळ गेला, उभा राहिला. पुन्हा मारली. घोडा जागच्या जागी वळला.

"उचल ना!" तो पडद्यावर ओरडला.

"त्याला हात कुठंयत मोकळे," आबा म्हणाले. "तलवार आहे ना त्यात."

नात गालात हसली. पण तिचीही गोची होतीच. उरलेला एक महाराज तिनं किल्ल्यात लपवला होता; बाहेर काढला की घोड्यांनी कापलाच म्हणून समजा. भालाईत किल्ल्याच्या दारात आणि घोडे रेलिकपाशी, असे दोघं एकमेकांकडे बघत बसले. मधे तीन वस्तू पडलेल्या.

आबांनी पानाची चंची उघडली आणि त्यांना झिरा आठवला.

त्यांच्या पोरपणी उन्हाळ्यात भीमा आटायची. पात्रात नुसती वाळू, दुपारी पाय भाजावेत अशी. मग बायका पहाटे नदीत उतरायच्या आणि हातानं वाळू उकरून झिरा काढायच्या. कोपरभर खड्डा. पहिलं पाणी गढूळ. ते वाटीनं काढून फेकायचं. मग बसून राहायचं. बाजूनं हळूहळू नितळ पाणी पाझरायला लागतं, बोटभर, दोन बोटं. तेही वाटीनंच उचलायचं, वाटीची कड तळाला लागू न देता. हंडा बुडवायला गेलं की काठ ढासळतो आणि पुन्हा सगळा गाळ. "माझी आई एका झिऱ्यावर दोन हंडे भरायची. तासभर लागायचा. पण रोज भरायची. वाळू धरून ठेवायची पाणी, आणि मागितलं तेवढं द्यायची."

"मग आता का नाही काढत?" नातीनं विचारलं.

आबांनी चुना लावायला जरा जास्तच वेळ घेतला.

"वाळू विकली," ते म्हणाले. "दुसऱ्यांनी विकली, तशी मीही विकली. एक उन्हाळा ट्रॉली लावली होती मी. शंभर घनफुटांचा एक ब्रास. फावडं मारायचं, भरायचं, रोख पैसे. उसाचे पैसे यायला वर्ष लागायचं, हे संध्याकाळी हातात. मोटरसायकल घेतली त्यातनं. पुढच्या साली आईनं त्याच जागी उकरलं तर खाली काळी माती. पाणी आलं, पण नितळेचना." थोडं थांबून म्हणाले, "जे रोज थोडं देतंय त्याला एकदम ओरबाडायचं नसतं. ते कळलं तेव्हा मोटरसायकलही जुनी झाली होती."

आज नदीत पाणी असतं, बंधाऱ्यांनी अडवलेलं. वर जलपर्णीचा गालिचा आणि खाली पुण्याहून आलेलं काय काय. प्यायला जार येतो. झिऱ्याची वाटी कुणाच्या घरात असलीच तर तिच्यात मीठ ठेवलेलं असेल.

नातू मात्र खेळातच अडकला होता. "पण आबा, मी मठ पाडला ना? मग ते माझं झालं."

"घर पाडलं म्हणून घरातलं आपलं होत नसतं." आबांनी पान तोंडात सारलं. "आपलं इनामगाव बघ. घोड नदीच्या काठचं. तिथं डेक्कन कॉलेजची माणसं उकरायला यायची, 1968 ते 1983. मी पाट्या वाहिल्यात तिथं दोन हंगाम. तीन हजार वर्षांमागची घरं पडलेली, भिंती मातीत गेलेल्या, आणि आत एक मातीची डबी. झाकणासकट. डबीत देवीची मूर्ती, सोबत डोकं नसलेली दुसरी देवी आणि एक बैल. ती निघाली तेव्हा मी नव्हतो, पण रीत ठाऊकाय मला. कुदळ आम्ही मारायची, आणि काही दिसलं की साहेब म्हणायचे, थांबा. मग आम्ही बाजूला. पुढे ब्रश. एकेक ढेकूळ. गडी असा हळू काम करायला लागला असता तर मी त्याची हजेरी कापली असती! पण कुदळीनं ती डबी निघाली नसती. तिचे चार तुकडे निघाले असते."

नातू काही बोलला नाही. त्यानं गुपचूप हिशेब केला. साधूला शंभर सोनं. शंभर धान्याला 14. म्हणजे आठ वेळा विकायचं, आठशे धान्य. कोठारात होतं अडीचशे, आणि शेतं त्यानं कधी लावलीच नव्हती. मठ बांधायला लाकूड तेवढं होतं.

"ए," तो हळूच म्हणाला, "शंभर सोनं देतेस?"

या खेळात समोरच्याला सोनं पाठवताही येतं. फारसं कुणी पाठवत नाही एवढंच. नातीकडे साठवलेलं होतं, वाटी वाटीनं जमलेलं.

"देते. पण घोडे नदीपलीकडे ने."

"आणि रेलिक?"

"ज्याचा महाराज आधी पोचेल त्याचा."

त्यानं आबांकडे पाहिलं. आबा खिडकीतून बाहेर बघत होते, किंवा तसं दाखवत होते. त्यानं बारा घोडे एकेक करून मागे वळवले. ते टापा टाकत उतार ओलांडून पलीकडे गेले. मग त्यानं मठ बांधायला घेतला. तो बांधून होईपर्यंत तिनं किल्ल्याचं दार उघडलं नाही.

त्याचा पहिला महाराज बाहेर आला तेव्हा तिचाही निघाला. दोन्ही टोकांनी दोन झगेवाले, काठी टेकत, रमतगमत. मधे अर्धा नकाशा पडलेला. नातू टिचकीवर टिचकी मारत होता, पण महाराज काही त्यानं भरभर चालेना.

आबांनी चष्मा लावला आणि खुर्ची पुढे ओढली.