उसनी कथा आणि शेजारधर्म

परभाषेंतील नाटक आपल्या वेषांत उभें करण्याची कला महाराष्ट्रास नवी नाहीं. शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो'चा गोविंद बल्लाळ देवलांनीं 1890 सालीं 'झुंझारराव' केला. रूपांतरकारानें मूळ लेखकाशीं कितपत इमान राखावें, हा प्रश्न अशा वेळीं ओघानेंच येतो. अलीकडे तरुण मंडळी मेजाभोंवतीं बसून जो कथाखेळ खेळतात, त्यांत मात्र तो निराळें रूप धारण करतो.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या जातीचा आद्य खेळ 1974 सालीं अमेरिकेंत निघाला. एकजण सूत्रधार होतो, इतर पात्रें होतात; आणि सूत्रधाराच्या सोयीसाठीं छापील साहसकथा विकत मिळतात. खेळाच्या जनकांपैकीं एक, गॅरी गायगॅक्स, यांची 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' ही 1979 सालची कथा त्यांतलीच. सरहद्दीवर किल्ला, जवळच्या दरींत राक्षसजातींच्या गुहा, आणि त्यांवर चालून जाणारे वीर, एवढा तिचा सांगाडा. किल्ल्यांतील माणसांना पदें आहेत, नांवें नाहींत. तीं सूत्रधारानें घालावयाचीं.

आतां ही कथा आमच्या नांदुऱ्याकडे आणूं. किल्ल्याच्या जागीं पूर्णेकांठीं पांढऱ्या मातीची गढी बसविली. दरी उत्तरेस सातपुड्यांत सहज सांपडली. येथपर्यंतचें काम सोपें आहे. पण गुहांत कोण राहतें? मूळ कथेंत तेथें स्त्रिया व पोरेंही आहेत. आणि सातपुड्यांत तर कोरकू व भिल्ल राहतात. नुसतीं नांवें बदलणारा सूत्रधार नकळत आपल्या शेजाऱ्यांनाच राक्षस करून बसतो.

कोणी म्हणेल, हा खेळ आहे. यांत कोणाचें रक्त सांडतें? सांडत नाहीं, हें खरें. परंतु नाटकाचा प्रेक्षक दुसऱ्याचें कृत्य पाहतो. येथें प्रत्येकजण 'मीं मारलें' असें स्वतःच्या तोंडानें बोलतो. ज्याला मारतांना कारण विचारावें लागत नाहीं, त्याच्याविषयीं विचार करण्याची गरजही मग मनाला वाटेनाशी होते.

म्हणून मूळ लेखकाशीं इमान हा येथें दुय्यम प्रश्न होय. छापील कथा कोणत्याही गांवच्या मेजासाठीं लिहिलेली असते. तिला शेजार नसतो. तो रूपांतरकार देतो, आणि त्याबरोबर शेजारधर्मही येतो. गुहेंतल्यांना वाचा द्यावी, त्यांचें गाऱ्हाणें काय तें ठरवावें, आणि लढावें कीं तह करावा हें खेळणारांवर सोडावें. कथा उसनी घेतां येते. तिच्यांतला न्याय ज्याचा त्यानेंच करावा लागतो.