कडू चवीची आवड आणि डेनेट यांचा पेच

पहिल्या घोटाला नकोशी वाटलेली बिअर पुढे आवडू लागते तेव्हा नेमके काय बदलते, तिची चव की चव घेणाऱ्याचा कौल, हा पेच अमेरिकन तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांनी १९८८ च्या ‘क्वाइनिंग क्वालिया’ या निबंधात मांडला. क्वालिया म्हणजे अनुभवाचे असे मानलेले गुण, की जे अनुभवणाऱ्याला थेट जाणवतात, पण इतरांना पडताळता येत नाहीत. डेनेट यांच्या मते पूर्वीचा घोट आजच्या घोटाशेजारी ठेवून पाहण्याची सोय मनाजवळ नसते, त्यामुळे चव पालटली की आवड, हे खुद्द पिणाराही सांगू शकत नाही. आणि ज्याचा असा निवाडाच होत नाही, तो खाजगी गुण मानण्यात अर्थ उरत नाही.

हॉप्सचा भरपूर वापर केलेली बिअर, उदाहरणार्थ कॅलिफोर्नियातील ‘रशियन रिव्हर’ या स्वतंत्र ब्रुअरीची ‘प्लिनी द एल्डर’, हा पेच अधिक बारकाईने तपासायला लावते. हॉप्स म्हणजे भांगेच्या कुळातील एका वेलीचे मादी फुलोरे. त्यांतील आल्फा आम्ले उकळताना रूप बदलून कडूपणा देतात, तर सुगंधी तेले त्याच उकळीत बहुतांशी उडून जातात. म्हणून बिअर आंबल्यावर तीत न उकळलेले हॉप्स पुन्हा घातले जातात. नवख्याला या पेयात केवळ कडूपणा जाणवतो, सरावलेल्याला ग्रेपफ्रूटचा व पाइनच्या राळेचा गंधही ओळखू येतो. हा गंध देणारी द्रव्ये पहिल्या घोटातही होतीच आणि त्यांचे मोजमाप प्रयोगशाळेत करता येते. म्हणजे बदलाचा काही भाग तरी विवेकशक्तीचा, म्हणजेच मिसळलेले घटक वेगळे ओळखण्याच्या क्षमतेचा आहे. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७५७ मध्ये अभिरुचीची सूक्ष्मता म्हणून हीच क्षमता वर्णिली होती, आणि तिला बाहेरचा पुरावा मिळू शकतो असेही सुचवले होते.

तरीही कडूपणा आवडतो कसा, हे यातून उलगडत नाही. चरकसंहितेतील तिक्त रसाचे वर्णन येथे उपयोगी पडते: कडू रस स्वतः रुचकर नसला तरी अरुची घालवतो, असे त्या ग्रंथाचे म्हणणे आहे. संदर्भ औषधाचा आहे, रसास्वादाचा नव्हे. पण एखाद्या रसाचे अप्रिय असणे आणि त्याने इतर गोष्टींना रुची आणणे या दोन बाबी तेथे स्वच्छ वेगळ्या केलेल्या आहेत. या दृष्टीने पाहता, पिणाऱ्याला कडूपणा सुटा आवडत नसून माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, गोडव्याला आवर घालणारा म्हणून आवडतो, असे म्हणता येते. चव बदलली किंवा कौल बदलला, हे दोनच पर्याय त्यामुळे अपुरे ठरतात. मात्र निव्वळ कडूपणाच्या जाणिवेपुरता डेनेट यांचा आक्षेप अजून खोडला गेलेला नाही.