भ्रंशरेषा आणि ईश्वरी कोप

इराणच्या मरुभूमीतील कित्येक जुनी गावे डोंगरांच्या पायथ्याशी, भूकवचातील भ्रंशरेषांना बिलगून वसली आहेत. आणि या वस्तीचे कारण तहान हे आहे. भ्रंशाच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घासून खडकाचा जो चिकण भुगा होतो, तो जमिनीखाली बांधासारखा आडवा राहतो, त्यामागे पाणी साठते, आणि तेच पाणी ‘कारेज’ नावाच्या भुयारी पाटांनी खजुरांच्या बागांपर्यंत खेळवून त्या उजाड मुलखात माणसांनी शतकानुशतके संसार थाटले. ज्या भेगेने पाणी दिले, तिच्याच सान्निध्यात मृत्यूही वास करून होता. १९७८ साली तबस येथे भूकंपात १५,००० हून अधिक माणसे दगावली. २६ डिसेंबर २००३ च्या पहाटे बाम शहराने २६,००० हून अधिक माणसे गमावली, आणि कच्च्या विटांचा तेथील पुरातन किल्लाही ढासळला.

अशा वेळी ईश्वरी कोपाचा प्रश्न उभा राहतो. शिया धर्मशास्त्राने भूकंपानंतर ‘नमाज-ए-आयात’ आवश्यक मानली आहे: दोन रकाती (नमाजाची आवर्तने), आणि प्रत्येकीत पाच वेळा कमरेत वाकणे. परंतु ‘आयात’ म्हणजे ईश्वरी खुणा. खूण म्हणजे शिक्षेचे फर्मान नव्हे. भूकंपाला शिक्षा म्हणावे, तर त्याच भ्रंशाने पिढ्यान्‌पिढ्या पाजलेल्या पाण्याला कोणत्या पुण्याचे फळ म्हणावे? याच भूमीशी नाते असलेल्या मध्ययुगीन तत्त्ववेत्त्या इब्न सीनाने पृथ्वीच्या पोटात कोंडलेल्या वाफांत भूकंपाचे कारण शोधले. त्याचे उत्तर आज टिकत नसले, तरी कारणाचा शोध घेताना त्याला आपली श्रद्धा सोडावी लागली नाही.

बाममध्ये माणसे मेली ती बहुतांशी घरांखाली. लाकूड दुर्मीळ, म्हणून भिंती मातीच्या आणि छपरे जड. ती कोसळताच विटांचा भुगा झाला, आणि ढिगाऱ्यात श्वासापुरती पोकळीही उरली नाही. जमीन हलणे माणसाच्या हाती नाही. भिंतीला बळकटी देणे मात्र आहे, आणि तेवढ्यापुरता जाब आकाशाकडे मागणे हा माझ्या मते श्रद्धेचाही अवमान आहे. खूण ओळखून जो शेजाऱ्याच्या छपराची तजवीज करतो, त्याचीच प्रार्थना पूर्ण झाली, असे मी मानतो.