पुन्हा मेथीच?

डिसेंबर-जानेवारीत कपिलतीर्थ मंडईत गेलात तर मेथीच्या पेंड्यांचे ढीग दिसतात. शेजारी हरभऱ्याचा पाला, पावटा, गाजरं, काटेरी देठांची वांगी. मोबाइलवर आहाराचे सल्ले वाचणाऱ्या आपल्या पिढीला हे सगळं फार आवडतं. हंगामी खा, सेंद्रिय खा, ताजं मिळतं, स्वस्तही मिळतं. सल्ला चांगलाच आहे. मी अडतो ते त्यातल्या एका शब्दापाशी : स्वस्त.

हंगामात एकच पीक सगळ्यांच्या रानात एकदम हाताशी येतं. आवक वाढते आणि सौद्यात दर पडतो. आपण ज्याला 'मेथी काय मस्त मिळतेय' म्हणतो, त्यालाच शेतकरी 'दर पडला' म्हणतो. ऊस तोडीची वाट बघत रानात उभा राहतो, गूळ गोदामात राहतो. पालेभाजी मात्र दुसऱ्या दिवशी पिवळी पडायला लागते. मिळेल त्या दरात ती द्यावीच लागते, आणि कधीकधी काढणीची मजुरीही सुटत नाही. दर कोसळल्यावर टोमॅटो रस्त्यावर ओतल्याचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत. ज्या आठवड्यात माझी चंगळ होते, तोच पिकवणाऱ्याच्या तोट्याचा आठवडा असेल, तर माझ्या या आनंदाकडे मी कसं बघायचं?

घासाघीस करू नये, हे पहिलं उत्तर. मी ती करत नाही. पण ज्याच्या पगारात महिना भागत नाही, त्याला हे सांगायचा अधिकार मला नाही. शिवाय पेंडीमागे पाच रुपये जास्त दिले तरी ढीग तेवढाच राहतो. ढीग कमी होतो तो खाल्ल्यानंच.

इथं जुनं स्वयंपाकघर मला शहाणं वाटतं. आपण आधी रेसिपी ठरवतो, मग भाजी शोधतो. तेव्हा आधी मंडई, मग बेत असायचा. मेथी आली की एक दिवस लसूण घालून परतलेली, एक दिवस मुगाची डाळ घालून, एक दिवस पीठ पेरून, एक दिवस कच्च्या पाल्याचा घोळाणा आणि भाकरी. 'पुन्हा मेथीच?' हे वाक्य घराघरात ऐकू यायचं. जे उरेल ते उन्हात वाळवायचं. भोगीला तर या व्यवहाराचाच सण होतो : वांगं, गाजर, पावटा, ओला हरभरा, रानात जे असेल ते एका पातेल्यात, वर तीळ, सोबत बाजरीची भाकरी. यामागं काटकसर होती, आणि निवडायला फारसं काही नव्हतंही. हे सगळं निवडणं, वाळवणं, रांधणं बायकांच्याच पाठीवर होतं, हेही विसरायला नको. ते ओझं वाटून घ्यायची तयारी असेल तरच त्या स्वयंपाकघराचे गोडवे गावेत.

सेंद्रिय भाजीचंही असंच आहे. स्वतःच्या रानातली भाजी विकायला बसलेल्या एका मावशींना मी विचारलं, "मावशी, सेंद्रिय हाय काय?" त्या म्हणाल्या, "आमी काय बी मारत न्हाई. पर शेजारच्या उसावर तणनाशक मारत्यात. वाऱ्यानं काय येतंय ते मला कसं ठावं?" इतकं खरं उत्तर कुठल्याच पाकिटावर छापलेलं नसतं. वारा बांध मानत नाही. माझ्या ताटापुरतं शुद्ध अन्न मागणं म्हणजे एका वावरापुरता वारा मागण्यासारखं आहे.

नियमही थोडं हेच सांगतात. प्रमाणपत्राच्या राष्ट्रीय नियमांनुसार रसायनं थांबवल्यावर हंगामी पिकांना साधारण २ वर्षं आणि फळबागांना ३ वर्षं 'रूपांतरणा'त काढावी लागतात. या काळात उत्पन्न अनेकदा घटतं, कष्ट वाढतात, आणि माल पूर्ण सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. आपण येतो ते शिक्का लागल्यावर. तोवरची जोखीम एकट्या शेतकऱ्याची.

जोखीम वाटून घेता येते, हे याच जिल्ह्यात एका माणसानं दाखवलंय. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांनी १९६६ साली 'प्रयोग परिवार' सुरू केला. शेतकरी आपापल्या रानात प्रयोग करायचे आणि जमलेलं-फसलेलं एकमेकांना कळवायचे. एकाची चूक दुसऱ्याची शिकवणी व्हायची. मला वाटतं, खाणाऱ्यांनीही अशा एखाद्या परिवारात शिरायला हवं. रूपांतरणात असलेल्या एका शेतकऱ्याकडून वर्षभर, आधी ठरलेल्या दरानं भाजी घ्यायची. भोकं पडलेला पालक घ्यायचा. भाजी नसेल त्या आठवड्यात कुरकुर करायची नाही आणि ढीग येईल त्या आठवड्यात पळ काढायचा नाही.

यात आनंद कुठं, असं कुणी विचारेल. चौथ्या दिवशीची मेथी पहिल्या दिवसासारखी नसते. हंगामाच्या सुरुवातीला ती कोवळी असते, मग कडसर होते, फुलावर आली की जवळजवळ औषधच. ज्यानं तिच्याबरोबर अख्खा हंगाम काढला, त्यालाच हा फरक कळतो. मे महिन्यात गगनबावड्याकडून करवंदं येतात तेव्हा ती गोड लागतात, त्यातही मधे गेलेल्या अकरा महिन्यांचा वाटा असतो. थोडा कंटाळा आणि थोडी वाट पाहणं, एवढी किंमत मला परवडते. ज्याचं पीक एका रात्रीत पिवळं पडतं, त्याच्यापुढं ती फार नाही.