पेशीचे पोहणे आणि हेतूचा फास

मानवी आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जेमतेम २ मायक्रोमीटर लांबीचा जीवाणू पाण्यात जिकडे साखर असेल तिकडे जाऊन जमतो, हे निर्विवाद आहे. वाद आहे तो या जाण्यामागे हेतू मानावा की नाही, याचा. मानला तर मेंदू नसलेल्या पेशीला इच्छा बहाल होते आणि नाकारला तर रसायनांवरच चालणाऱ्या माणसाच्या हेतूंवरही पाणी सोडावे लागते. दोन्ही टोकांना फास असलेल्या अशा दोरीला न्यायशास्त्रात उभयतःपाश म्हणतात.

पूर्वपक्षी : साखर कोठे आहे, हे जीवाणूला ठाऊकच नसते. त्याच्या कशाभिका, म्हणजे अंगावरील लांब तंतू, एका दिशेने फिरले की त्यांची जुडी होऊन तो साधारण सेकंदभर सरळ पोहतो, आणि त्यांतले काही उलट फिरले की जुडी विस्कटून तो सेकंदाच्या दशांशाइतका वेळ कोलांट्या खातो व भलत्याच दिशेला लागतो. साखर वाढत असेल तर कोलांटी लांबणीवर पडते, एवढेच.

सिद्धान्ती : परंतु वाढ कळायची तर आधीचे प्रमाण कोठेतरी राखून ठेवावे लागते. जीवाणू आताच्या साखरेची तुलना काही सेकंदांपूर्वीच्या साखरेशी करतो, आणि ही अल्पशी स्मृती त्याच्या ग्राहक प्रथिनांना, म्हणजे बाहेरील रसायने ओळखणाऱ्या रेणूंना, जोडल्या जाणाऱ्या मिथिल गटांच्या रूपाने साठते.

पूर्वपक्षी : स्मृती म्हटले तरी ते रसायनच. शिवाय ज्युलियस ॲडलर यांनी १९६९ साली दाखवून दिले की, हा जीवाणू त्याला पचवता न येणाऱ्या डी-फ्यूकोज या शर्करेकडेही ओढला जातो. अन्न हा हेतू असता, तर जे अन्नच नव्हे त्याच्या मागे तो का लागला असता?

हा आक्षेप पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट आणि, गंमत अशी की, त्याच्यावरच उलटणारा आहे.

सिद्धान्ती : फ्यूकोजची रचना गॅलॅक्टोज या पचणाऱ्या शर्करेसारखी असल्याने ग्राहक फसतो. उतारावरून गडगडणारा दगड चुकीच्या जागी पोहोचला, असे कोणी म्हणत नाही, कारण त्याला बरोबर जागाच नसते. जीवाणूची चूक होऊ शकते, याचाच अर्थ त्याच्या हालचालीला काही साध्य आहे. मग ते त्याला जाणवत नसले, आणि ज्यांच्या कोलांट्या योग्य वेळी लांबल्या त्या पूर्वजांचाच वंश वाढला या इतिहासातून आलेले असले, तरीही. सॅकरिनने माणसाची जीभही अशीच फसते. त्यावरून गोडाची ओढ अन्नासाठी नसते, असे ठरत नाही.

पूर्वपक्ष्याची एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते : साध्याची जाणीव, म्हणजेच इच्छा, जीवाणूत असल्याचा पुरावा नाही. हेतू आणि इच्छा एकच मानल्यामुळे फास आवळतो. म्हणून जीवाणू अन्नासाठी पोहतो असे म्हणणे शास्त्राला धरून आहे, त्याला अन्न हवेसे वाटते असे म्हणणे नाही.